पुरस्कार सोहळा नाट्यगृहात करावा की हॉटेलात?

संघटनेच्या वार्षिक पुरस्कारांचा विषय निघाला की कार्यकारिणीच्या पहिल्याच बैठकीत दोन तट पडतात. एक म्हणतो, नेहमीसारखं नाट्यगृह घ्या. दुसरा म्हणतो, आता सगळे हॉटेलातच करतात. गोल टेबलं, जेवण, एलईडी पडदा, एकदा आपणही करू. पुण्यातल्या आमच्या व्यावसायिक संघटनेसाठी मी दोन्हीकडे मंचामागे काम केलं आहे, ट्रॉफ्यांच्या टेबलापाशी हातात यादी धरून. हा निर्णय आता तुमच्या गळ्यात पडला असेल, तर खर्चाच्या कोष्टकापासून सुरुवात करू नका. पुरस्कार घेणारा माणूस खुर्चीतून उठून मंचावर कसा पोहोचतो, ते आधी बघा.

चोवीस पुरस्कार आहेत असं धरू. नाव पुकारायला १५ सेकंद, मानपत्रातल्या चार ओळी वाचायला ४०, ट्रॉफी हातात देऊन फोटो काढायला २५. हे ८० सेकंद दोन्हीकडे सारखेच. फरक चालण्यात पडतो. नाट्यगृहात विजेते पहिल्या दोन रांगांत, मंचाच्या पायऱ्यांकडच्या बाजूला बसवता येतात, पुढचे तिघं आधीच विंगेत आणून उभे करता येतात. चालणं १० सेकंदांत संपतं. चोवीस पुरस्कार ३६ मिनिटांत होतात. हॉटेलात विजेता घरच्यांबरोबर आपल्या टेबलावर असतो. नाव ऐकून खुर्ची सरकवून, टेबलांमधून वाट काढत मंचापर्यंत यायला सहज ४५ सेकंद लागतात. तेच चोवीस पुरस्कार आता ५० मिनिटं घेतात. टाळ्या मात्र दहा-बारा सेकंदांनी थांबलेल्या असतात, आणि उरलेलं अंतर तो माणूस शांततेत कापतो. तीस वर्षं धंद्यात काढलेल्या माणसाला असं चालत येताना मी पाहिलं आहे. ते मला आजही खटकतं.

निकाल मंचावरच फोडायचे असतील, तर नाट्यगृहात नामांकन मिळालेल्या सगळ्यांनाच पुढच्या रांगा द्याव्या लागतात. तेवढी जागा तिथे असते.

तारीख आणि ताबा

नाट्यगृहाची अडचण इथे आहे. शनिवार-रविवारच्या चांगल्या वेळा नाटकांना गेलेल्या असतात, आणि त्या जायलाच हव्यात. बालगंधर्व रंगमंदिर २६ जून १९६८ रोजी सुरू झालं ते नाटकासाठी, आपल्या सत्कारांसाठी नव्हे. आपल्याला मिळतो तो बहुधा मंगळवार नाहीतर बुधवार. शिवाय भाडं सत्राचं असतं. पडदा बांधणं, ध्वनियोजना तपासणं, समई मांडणं, कार्यक्रम आणि आवराआवर, सगळं त्याच वेळेत. पुढच्या प्रयोगाच्या सेटचा टेम्पो मागच्या दाराशी लागलेला असतो आणि प्रमुख पाहुण्यांचं भाषण चालूच असतं, हा ताण विंगेतल्या माणसालाच कळतो. रंगीत तालीम त्या मंचावर मिळत नाही. आम्ही ती कचेरीत करतो, फरशीवर खडूनं मंच आखून.

हॉटेल या बाबतीत मोकळं वाटतं, पण तेही एक हॉल दिवसातून दोनदा विकतं. म्हणून दराच्या आधी विचारा, हॉल ताब्यात किती वाजता देणार? दुपारी तिथे साखरपुडा असेल, तर पाच वाजता हॉल मिळतो आणि सातला पाहुणे येतात. ही वेळ करारात लिहून घ्या. दुसरी गोष्ट घडीच्या भिंतीची. मोठा सभागार मधून दुमडत्या भिंतीनं तोडून दोघांना दिला जातो. आमच्या एका सोहळ्यात जीवनगौरवाचं भाषण आणि पलीकडच्या लग्नाच्या ‘संगीत’ कार्यक्रमातला डीजे एकाच वेळी ऐकू येत होते. पलीकडे काय आहे ते त्या दिवसापुरतं विचारून घ्या. लग्नसराईत दर चढे असतात. पितृपक्षात आणि अधिक मासात हॉल रिकामे असतात, आणि सत्काराला मुहूर्त लागत नाही. आमच्या कार्यकारिणीत पितृपक्षाला दोघांनी विरोध केला होता, पण निमंत्रितांपैकी कुणी त्याबद्दल बोललं नाही.

जेवणाचा आकडा

हॉटेलात पैसे जातात ते ताटांवर. किमान किती ताटांचे पैसे देणार, हा आकडा दोन-तीन दिवस आधी सांगावा लागतो, आणि माणसं कमी आली तरी तेवढं बिल भरावंच लागतं. आपल्याकडे "येतो" म्हणणारा एकटा येईल की चौघं येतील, हे निमंत्रणपत्रिकेवरून कळत नाही. प्रत्येकाला फोन करायला दोन माणसं आठवडाभर बसवावी लागतात. संघटनेची जीएसटी नोंदणी असेल, तर खजिनदारांना आधीच सांगा की खाण्यापिण्याच्या खर्चावरच्या कराचं क्रेडिट साधारणपणे मिळत नाही.

नाट्यगृहात हा प्रश्नच नाही. बटाटेवडा, सँडविच आणि पेढ्याचं पाकीट बाहेर देता येतं, आणि बायको, मुलं, आईवडील, कारखान्यातले चार सहकारी अशी सगळी माणसं विजेता घेऊन येऊ शकतो. हॉटेलात त्याला दोन कूपनं मिळतात. माझ्या दृष्टीनं नाट्यगृहाच्या बाजूचा हा सर्वांत मोठा मुद्दा आहे.

हॉटेलचीही एक खरी बाजू आहे. कोल्हापूर, नाशिक, नगरहून आलेले सभासद नाट्यगृहातून थेट गाडीत बसतात, आणि वर्षातून एकदा होणारी भेट होतच नाही. जेवणाच्या टेबलावर कामं ठरतात, जुने वाद मिटतात. प्रायोजकही टेबलाचे पैसे देतो, रांगेतल्या खुर्चीचे देत नाही. मात्र हॉटेल घेतलंत तर कार्यक्रम अर्ध्यावर येईपर्यंत ट्रे फिरवायचे नाहीत, हे तिथल्या व्यवस्थापकाला लेखी द्या. कबाब आले की मंचाकडे कुणी बघत नाही.

समारंभ नाट्यगृहात आणि जेवण दुसरीकडे, ही तडजोड करू नका. आम्ही केली होती. निम्मे लोक वाटेतून घरी गेले.

नावं कुणाच्या हातात

हॉटेल घेतलं की बहुधा इव्हेंट कंपनीही येते. प्रकाश, ध्वनी, पडदा, जनरेटर यांसाठी ती खुशाल घ्या. तीन फेजची वीज आणि दोन टनांची उपकरणं हाताळणं कार्यकर्त्यांचं काम नाही. पण विजेत्यांची यादी आणि ट्रॉफ्यांचं टेबल आपल्याच दोन माणसांकडे हवं. पडद्यावर प्रत्येक विजेत्याची चित्रफीत दाखवायची म्हटलं की संकलक, पडदा चालवणारा, निवेदक आणि त्यांचे मदतनीस अशा आठ-दहा जणांना निकाल आधीच कळतो. नाट्यगृहातल्या साध्या लिफाफ्यात तो तिघांपुरता राहतो.

लिफाफाही घात करू शकतो. २०१७ च्या ऑस्कर समारंभात लिफाफ्यांचे दोन पूर्ण संच मंचाच्या दोन बाजूंना ठेवले होते. अभिनेत्रीच्या पुरस्काराचा न उघडलेला दुसरा लिफाफा सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या वेळी हातात गेला आणि चुकीचं नाव जाहीर झालं. तेव्हापासून आमच्याकडे एकच संच असतो, एकाच बाजूला, आणि लिफाफ्यावर पुरस्काराचं नाव हातभर अंतरावरून वाचता येईल एवढं मोठं.

नावाचं ऱ्हस्व-दीर्घ विजेत्याकडूनच लिहून घ्या, आडनावासकट, आणि कोरीवकाम करणाऱ्याला तोच कागद द्या. एका वर्षी आमच्या ज्येष्ठ सभासदांच्या मानपत्रावर त्यांच्या धाकट्या भावाचं नाव छापून आलं होतं. त्यांनी ते मंचावर हसून घेतलं. मी दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेले तेव्हा ते कपाटात उलटं ठेवलेलं होतं.

ध्वनिमुद्रित गाणी वाजवणार असाल, तर परवाना दोन्हीकडे लागतो. कॉपीराइट कायद्यातली सवलत लग्नाला आहे, पुरस्काराला नाही. हॉटेलात समई लावणार असाल, तर धुराच्या सेन्सरबद्दल विचारा आणि वातानुकूलनाचा झोत दुसरीकडे वळवून घ्या, नाहीतर पाच मान्यवर वात विझते म्हणून एकामागून एक काड्या ओढत राहतात.

पुरस्कार पंधराच्या वर असतील आणि विजेते पहिल्यांदाच मंचावर येणारे असतील, तर मी नाट्यगृहच घेईन, बुधवार मिळाला तरी. पुरस्कार सहा-आठच, सभासद गावोगावचे आणि प्रायोजक पक्का असेल, तर हॉटेल घ्या, आणि विजेत्यांची टेबलं मंचाला लावून मांडा, प्रायोजकांची त्यांच्या मागे. यावरून प्रायोजकाशी वाद होईल. तो करार करतानाच होऊ द्या.

हॉल बघायला जाल तेव्हा संघटनेतल्या सत्तरीच्या एखाद्या सभासदांना बरोबर न्या. शेवटच्या टेबलापासून मंचावर त्यांच्या चालीनं चालून बघा आणि पायऱ्यांना कठडा आहे का, ते पाहून या.