चॅट्सवर्थ बघायचं तर नदीपलीकडून

तीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या कामात काढली, त्यामुळे कुठंही गेलो की आधी जमिनीचा उतार बघतो. लेक शेफिल्डला असते. तिच्याकडे होतो तेव्हा इंग्लंडच्या डर्बीशायर परगण्यातलं चॅट्सवर्थ हाऊस, म्हणजे तिथल्या ड्यूक घराण्याचा मोठा वाडा, दोनदा बघितलं. सोलापुरातून पोरांकडे तिकडं जाणारे बरेच आहेत, म्हणून लिहितोय.

पहिली खेप वाया गेली. टूरवाल्यानं बस थेट घरापाशी लावली आणि दीड तास दिला. रंगवलेली छतं बघून मान दुखली, पण एवढं घर बरोबर इथंच का, ते कळलं नाही.

दुसऱ्यांदा लेक म्हणाली, "अप्पा, एडन्सर गावाकडून चालत जाऊ." थोडा चढ संपला आणि मी थांबलोच. खाली डर्वेंट नदी, तिच्यावर दगडी पूल, पलीकडं उतारावर पिवळसर दगडाचं लांबरुंद घर आणि पाठीशी झाडीनं भरलेला डोंगर. छप्पर कठड्याआड झाकलेलं. खिडक्यांच्या चौकटींना सोन्याचा मुलामा, दुपार कलल्यावर त्या उजळल्या. आपलं सोलापूरचं इंद्रभुवन, म्हणजे महापालिकेची जुनी इमारत, जवळ जाऊन, एकेक नक्षी न्याहाळत बघावं लागतं. हे घर मात्र नदी मधे ठेवून, लांबूनच कळतं.

सगळं निसर्गाचं वाटतं, पण 18व्या शतकात बागा-उद्यानं आखणाऱ्या लान्सलॉट ब्राऊननं नदीचं पात्रसुद्धा बदलून घेतलंय. पुढं 19व्या शतकात घरातून दिसणारी एडन्सरची घरं पाडून गाव टेकडीआड नेलं. हे ऐकून वाईट वाटलं. उजनी धरणात गाव गेलेली माणसं मी जवळून बघितलीत.

बागेतलं एम्परर कारंजं मात्र चुकवू नका. रशियाचा झार, म्हणजे सम्राट, निकोलस येणार म्हणून इथला मुख्य माळी जोसेफ पॅक्स्टननं 1844 मध्ये ते उभारलं. झार आलाच नाही. डोंगरावर तलाव खणून पाणी पाइपातून सुमारे 400 फूट खाली आणलंय. पंप नाही, नुसता उताराचा दाब. त्यातला काही पाइपाच्या घर्षणात जातो, काही हवेत, तरी धार 296 फुटांपर्यंत गेल्याची नोंद आहे! मी तिथं तासभर उभा होतो. लेकीनं दोनदा हाक मारली.

घर आणि बागेला तिकीट आहे, पार्कात फिरायला नाही. आम्ही नदीकाठी मेंढ्यांच्या शेजारी बसून कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली. गुडघे दुखत असतील तर एडन्सरचा चढ सोडा, पण पुलापर्यंत तरी चालत जाच, आणि घराकडं तोंड करून निवांत बसा.