लकव्यानंतर: पुनर्वसन केंद्र की घरीच फिजिओ?

डिस्चार्जचा कागद हातात पडला की प्रश्न उभा राहतो, पेशंटला न्यायचं कुठे? आबांना उजव्या बाजूचा लकवा झाला, वाचाही गेली. आम्ही त्यांना अमळनेरला घरीच आणलं. तीन आठवड्यांनी मात्र नाशिकच्या एका पुनर्वसन केंद्रात भरती केलं आणि महिनाभर ठेवलं. दोन्ही करून बसलोय, म्हणून लिहितो.

पैशाचं आधी उरकतो. घर स्वस्त पडतं, त्यात वाद नाही. केंद्राचा खर्च मेडिक्लेममधून निघेल असं धरून चालू नका. पॉलिसीतल्या न मिळणाऱ्या खर्चांच्या यादीत ‘पुनर्वसन’ सहसा असतंच. आम्ही ती यादी वाचली भरती केल्यावर! मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची १९५५ पासूनची संस्था आहे, पण जळगावकडून ते अंतर चारशे किलोमीटरच्या वर, आणि सोबतीला एक माणूस तिथेच राहायला हवा. कापूस वेचणीच्या दिवसांत तो माणूस आणायचा कुठून?

ब्रिटनच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, झेपत असेल तर पक्षाघाताच्या पेशंटला आठवड्यातले किमान ५ दिवस, रोज किमान ३ तास थेरपी मिळावी. आमच्या घरी फिजिओ पाऊण तास यायचे. तो फिजिओ मुलगा हुशार होता, त्याच्याबद्दल तक्रार नाही. उरलेले सव्वातेवीस तास आमच्या हातात होते, आणि घोडं अडलं ते तिथेच.

म्हणजे पाहुणे. धरणगाव, पारोळा, शिरपूर, जिथे जिथे नातं तिथून माणसं आली. येणारच, न येणाऱ्याला आम्हीही नावं ठेवली असती. पण फिजिओ अकराला यायचे आणि पाहुणेही अकरालाच. ‘कशी शे तब्येत?’ झालं की चहा, मग कुणाच्या तरी गावच्या झाडपाल्याचा पत्ता, आणि वर फिजिओलाच, “डॉक्टर, आज ऱ्हाऊ द्या, थकेल दिसतात.” आबांना तेच हवं असायचं. एकदा एका काकांनी मायेनेच त्यांना उठवून बसवलं, तेही लुळा हात धरून ओढून. लकव्यात खांद्याचे स्नायू सैल पडलेले असतात, सांधा खाली सरकतो. तो खांदा असा धरला की पुढचे दहा दिवस आबा उजव्या हाताला कुणाला शिवू देईनात. काकांना बोलणार कोण?

केंद्रात भेटायची वेळ चार ते सहा. एवढी एक पाटी आमच्या घरी लावता आली असती तर कदाचित नाशिक गाठायची वेळच आली नसती. तिथे आबांना सकाळी कुणी विचारलंच नाही की आज करायचं का. सदरा घालताना लुळा हात आधी, काढताना चांगला हात आधी, हे तिथल्या बाईंनी रोज आंघोळीनंतर त्यांच्याकडूनच करून घेतलं. घरी आई दोन मिनिटांत घालून मोकळी व्हायची.

एका बाबतीत घराचं पारडं जड, हे कबूल करायला हवं. केंद्रातल्या वाचा-उपचाराच्या मॅडम शुद्ध मराठीत चित्रं दाखवायच्या, “आजोबा, हे काय आहे?” आबा गप्प. आठवडाभर गप्प. मग एका संध्याकाळी आईने फोनवर आमच्या अहिराणीत विचारलं, “काय करी ऱ्हायनात?” आणि आबा म्हणाले, “बठेल शे.” मॅडमनी दुसऱ्या दिवशी माझ्याकडून अहिराणी शब्दांचं पान लिहून घेतलं. कुणाला केंद्रात ठेवणार असाल तर ते पान पहिल्याच दिवशी द्या.

तुमचं घर शांत असेल, कामांतून सुटलेलं एक माणूस असेल आणि पाहुण्याला थांबवायची धमक असेल, तर घरीही जमेल. मी आपला आमच्यापुरतं सांगतो. सुधारणा सगळ्यात जास्त होते ती पहिल्या तीन महिन्यांत, आणि त्यातले तीन आठवडे आम्ही चहा पाजण्यात घालवले. पुन्हा वेळ आली तर दवाखान्यातून सरळ केंद्रात नेईन, घर नंतर.

आता पाहुण्यांच्या खुर्च्या ओट्यावर असतात. खाटेपासून ओटा बावीस पावलं. आबा काठी घेऊन निघतात, तोवर चहा थांबतो.