पोर्टलंडचा खडक की सिॲटलची विमानं?

अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातल्या दोन शहरांची लाइट रेलची ही दोन भुयारी स्टेशनं. दोन्हीकडे कला आहे, पण जात वेगळी.

सिॲटलचं कॅपिटल हिल स्टेशन २०१६मध्ये सुरू झालं. प्लॅटफॉर्मच्या वर दोन जुनी लढाऊ विमानं टांगली आहेत, स्कायहॉक जातीची. सुटी करून, रंगवून, नाकाला नाक भिडायच्या बेतात. कलाकार माइक रॉस, शिल्पाचं नाव ‘जेट किस’. युद्धाचं यंत्र प्रेमात पडलंय, ही कल्पना झकास. पण एकदा मान वर केली की कळली, संपली. दुसऱ्या दिवशी तुम्ही मोबाइलच बघणार.

पोर्टलंडचं वॉशिंग्टन पार्क १९९८चं, टेकडीच्या पोटात सुमारे ७९ मीटर खोल. बोगद्याआधी जमीन तपासायला भोक पाडून काढलेला खडकाचा लांबलचक नमुना प्लॅटफॉर्मवर आडवा मांडलाय, सोबत काळाच्या नोंदी. गाडीची वाट बघता बघता चार पावलं चाललात की लाखो वर्षं मागे पडतात. टांगलेलं काही नाही, झगमगाट नाही, जे खणलं तेच दाखवलं.

आणि भिंतीवर कोरलेली गणितातल्या पायची (π) किंमत! सुरुवातीचे अंक बरोबर, पुढे घसरले. छापील तक्त्यातल्या ओळी चुकीच्या क्रमाने वाचल्या गेल्या म्हणे. दगडात कोरल्यावर खोडरबर कुठून आणणार?

फोटोसाठी सिॲटल. रोजच्या प्रवासाला मात्र मी पोर्टलंडच निवडेन, त्या चुकीच्या पायसकट.