एमए सायकॉलॉजी: विद्यापीठाचं डिपार्टमेंट की गावातलं कॉलेज?

मामेबहिणीचं टीवाय संपलंय आणि आठवड्यात तिचा चौथा फोन आला, दादा, विद्यापीठाच्या डिपार्टमेंटची एन्ट्रन्स देऊ की पुण्यात गावातल्या, आहे त्या कॉलेजातच एमए करून टाकू? प्रश्न रास्त आहे, डिग्री दोन्हीकडे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचीच. मीही हाच घोळ घातला होता आणि शेवटी गणेशखिंडला, विद्यापीठाच्या कॅम्पसवर गेलो, त्यामुळे खालचं थोडं एकतर्फी वाटलं तर समजून घ्या.

घरबसल्या इग्नूतून, म्हणजे मुक्त विद्यापीठातून करू म्हणणाऱ्यांसाठी एकच, तो रस्ता आता बंद झालाय. 2025 च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्र दूरस्थ किंवा ऑनलाइन शिकवायचं नाही असं यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) सांगितलंय. म्हणजे हजेरी आलीच.

आधी कॉलेजची बाजू, कारण ती लोक समजतात तेवढी कच्ची नाही. माझ्या कॉलेजात लेक्चर सकाळी उरकायची आणि दुपार मोकळी, वर तुम्ही गावातच. ज्ञान प्रबोधिनीची प्रज्ञा मानस संशोधिका ही मानसशास्त्राची संस्था सदाशिव पेठेत, ससून हॉस्पिटल चार स्टॉपवर, येरवड्याला 1986 पासून चाललेलं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र. माझी एक मैत्रीण कॉलेजात राहिली आणि दुपारी व्यसनमुक्तीच्या ग्रुप सेशनला बसायची, तेव्हा मी विद्यापीठ चौकात सिग्नल मोजत उभा असायचो. शिवाय डिसर्टेशनचा (एमएच्या लघुप्रबंधाचा) सॅम्पल, म्हणजे फॉर्म भरून देणारी माणसं. कॉलेजात एफवायचा वर्ग हाताशी असतो, सरांना विचारलं की साठ फॉर्म एका तासात भरून मिळतात. आम्ही कॅन्टीनमध्ये लोकांना चहा पाजून स्केल, म्हणजे प्रश्नावल्या भरून घेतल्यात.

मग मी का गेलो? कपाटामुळे. हसू नका.

टीवायला आमच्या कॉलेजात (नाव नको) प्रॅक्टिकलची सगळी टेस्ट्स एका लोखंडी कपाटात, चावी मॅडमकडे, आणि मॅडम वर्षातले निम्मे दिवस परीक्षेच्या ड्युटीवर. कपाट उघडलं तरी भाटिया बॅटरीचा, म्हणजे ठोकळे वगैरे देऊन घ्यायच्या बुद्धिमत्ता चाचणीचा, एकच सेट, त्यात आम्ही अठ्ठावीस जण. ठोकळ्यांच्या डब्यातला एक ठोकळा हरवलेला आणि त्याच्या जागी कुणीतरी स्केचपेनने रंगवलेला लुडोचा फासा. त्यावर आम्ही लोकांचा बुद्ध्यांक काढायचो! बिने-कामत, म्हणजे कामतांनी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बेतलेली बुद्धिमत्तेची टेस्ट, तिचं फक्त मॅन्युअल होतं आणि तेही झेरॉक्स. रोरशाकचं (शाईच्या डागांच्या टेस्टचं) एकही कार्ड तीन वर्षांत हातात आलं नाही. मॅडमचा दोष नाही म्हणा, त्या एकट्या किती ठिकाणी पुरणार. पण एकदा टेस्ट घ्यायला समोर माणूस बसवलेला, घड्याळ लावलेलं, आणि चावी नाही म्हणून त्याला परत पाठवलं, त्या दिवशी ठरलं की एमएची दोन वर्षं अशी काढायची नाहीत.

डिपार्टमेंटला सगळं आलबेल असेल असं मी म्हणणार नाही, पण मला तिथे किट हातात मिळालं, पुन्हा पुन्हा मिळालं, आणि चुकलो तर शेजारी चूक सांगणारं कुणीतरी होतं. हे कुणीतरी म्हणजे बहुतेक वेळा पीएचडी करणारी मंडळी. माझ्या मते कॅम्पसवरची सगळ्यात मोठी सोय ही, आणि ती कुठल्याच माहितीपत्रकात लिहिलेली नसते. फॅक्टर अ‍ॅनालिसिस हे स्टॅटिस्टिक्सचं तंत्र मी वर्गात ऐकलं पण शिकलो जयकर ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर, एका सिनियरच्या लॅपटॉपवर, तिने जमोवी हे स्टॅटिस्टिक्सचं सॉफ्टवेअर उघडून अर्ध्या तासात जे दाखवलं ते मला सेमिस्टरभर उमगलं नव्हतं. नेट-सेटचा, म्हणजे प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षांचा, अभ्यास करणारे पण आजूबाजूला असतात, त्यामुळे नुसत्या लाजेने का होईना, आपणही पुस्तक उघडतो.

आता नोकरीचं. एमए कुठूनही करा, त्यावर क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची पाटी लावता येत नाही, त्यासाठी आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी लागते आणि तिच्या मान्यतेचा कोर्स लागतो. जुन्या एमफिलला यूजीसीने 2025-26 च्या प्रवेशापर्यंतच मुदत दिली होती, पुढे आरसीआयचे नवे कोर्स आहेत, तेव्हा सिनियर सांगतात त्यावर जाऊ नका, त्या वर्षीचे नियम स्वतः वाचा. ज्यांना शाळेत काउन्सेलर, एचआर किंवा एनजीओत जायचंय त्यांना बहुधा कॉलेज पुरेल, मोकळ्या दुपारी इंटर्नशिप केली तर कदाचित माझ्यापेक्षा पुढे असतील. पण ज्यांना असेसमेंटमध्ये, म्हणजे टेस्ट घेण्याच्या कामात जायचंय त्यांचं वेगळं आहे. दहावी-बारावीच्या सवलतीसाठी लर्निंग डिसॅबिलिटीचं सर्टिफिकेट लागतं, त्यात बुद्ध्यांक चाचणी येतेच, म्हणजे या कामाला मरण नाही. मी इंटर्नशिपला गेलो तिथे पहिल्याच दिवशी विचारलं, बिने-कामत किती जणांवर घेतलीयेस? मार्क कुणी विचारले नाहीत. मी नऊ सांगितले, तर लगेच आत बसवलं. माझ्याबरोबर आलेला मुलगा, माझ्यापेक्षा हुशार, तो महिनाभर फाइली लावत होता, कारण त्याने टेस्ट फक्त वाचली होती.

हा एका माणसाचा अनुभव आहे, तुमच्या कॉलेजात दोन कपाटं आणि चार सेट असतीलही, मग खुशाल तिथेच राहा, चौकातला ट्रॅफिक वाचेल. मामेबहिणीला मी एवढंच सांगितलंय की फॉर्म भरायच्या आधी दोन्हीकडे एकेक दुपारी न सांगता जाऊन ये, लॅब कुठे विचार, भाटियाचा डबा उघडायला सांग आणि ठोकळे मोज.