कॅरॅव्हॅनचे टोइंग मिरर: काचेआधी पकड बघा

ब्रिटनमध्ये १६ डिसेंबर २०२१ पासून साध्या कार लायसन्सवर ३,५०० किलोपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो. १९९७ पासून ड्रायव्हिंग टेस्ट पास झालेल्यांना त्याआधी गाडी आणि ट्रेलरच्या बऱ्याच जोड्यांसाठी वेगळी टेस्ट द्यावी लागायची, ती अट गेली. त्यामुळे कुणीही काही न शिकवता थेट कॅरॅव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, जोडून मोटरवेवर येणारे वाढले, त्यात आपली मराठी मंडळीही आहेत. अशांनी गाडी आणि कॅरॅव्हॅन यांच्यानंतर पहिला खर्च टोइंग मिररवर, म्हणजे गाडीच्या मूळ आरशांवर बसवायच्या, बाहेर येणाऱ्या जास्तीच्या आरशांवर करावा. भाड्याने कॅरॅव्हॅन घेणाऱ्यांनी आरसे सोबत मिळतील असं गृहीत धरू नये. बुकिंग करतानाच विचारावं.

कायदा आधी, कारण खरेदीचे बरेच निर्णय त्यातूनच ठरतात. कॅरॅव्हॅन गाडीच्या मागच्या भागापेक्षा रुंद असेल तर योग्य टोइंग मिरर लावणं बंधनकारक आहे. नसतील तर १,००० पौंडांपर्यंत दंड आणि लायसन्सवर ३ पेनल्टी पॉइंट. योग्य म्हणजे काय, तर ड्रायव्हरच्या मागे २० मीटरवर, कॅरॅव्हॅनच्या बाजूपासून बाहेरच्या दिशेने ४ मीटर रुंदीचा रस्ता दिसला पाहिजे, दोन्ही बाजूंना. आणि आरसा कॅरॅव्हॅनच्या कडेच्या बाहेर २५० मिलिमीटरपेक्षा जास्त डोकावता कामा नये. आरशावर वर्तुळातलं ‘ई’ हे मंजुरीचं चिन्ह आणि त्यापुढे देशाचा आकडा हवा: ब्रिटनचा ११, जर्मनीचा १. ऑनलाइन बाजारात बिनचिन्हाचे आरसे स्वस्तात मिळतात, ते घेऊच नका. कॅरॅव्हॅनच्या मागे नंतर बसवलेला कॅमेरा पार्किंगला फार उपयोगी पडतो, पण तो असला म्हणून आरशांतून सूट मिळत नाही.

आता मापं. फोक्सवॅगन टिग्वानसारखी गाडी आरसे सोडून साधारण १.८४ मीटर रुंद असते. नेहमीची टूरिंग कॅरॅव्हॅन २.२६ मीटरच्या आसपास. म्हणजे दर बाजूला २१ सेंटीमीटर कॅरॅव्हॅन जास्त. आठ फुटी रुंदीची, २.४५ मीटरची कॅरॅव्हॅन असेल तर हाच फरक ३० सेंटीमीटरवर जातो. आरशाची काच कॅरॅव्हॅनच्या बाजूच्या रेषेबाहेर आली तरच कॅरॅव्हॅनच्या अंगालगतचा रस्ता दिसतो. आत राहिली तर कॅरॅव्हॅनचा पुढचा कोपरा दिसतो आणि त्यामागचं सगळं झाकलं जातं. गाडीची आणि कॅरॅव्हॅनची रुंदी टेपने मोजून, हा फरक कागदावर लिहून मगच दुकानात जा. आठ फुटीवाल्यांनी आखूड दांडीचा आरसा घेऊन पैसे घालवू नयेत.

पण आरसा चांगला की वाईट हे शेवटी काचेवर ठरत नाही. तो तुमच्या गाडीच्या आरशाच्या कवचाला किती घट्ट धरतो यावर ठरतं. ६० मैलांच्या वेगात शेजारून ट्रक गेला की हवेचा जो झोत येतो, त्यात सैल आरसा इतका थरथरतो की मागच्या गाडीचे दोन हेडलाइट मिसळून एकच लांबट रेघ दिसते. तो आरसा असून नसल्यासारखा. म्हणून दुकानात जाण्याआधी एक साधी चाचणी करा: गाडीच्या मूळ आरशाचं कवच बाहेरच्या टोकाला धरून हळूच हलवा. दुमडण्याच्या बिजागरीत तेच डुगडुगत असेल, तर त्यावर कितीही महागडा टोइंग मिरर लावा, तो थरथरणारच. अशा गाडीला हलका, लहान काचेचा आरसा घ्यावा. मोठी काच म्हणजे जास्त वजन आणि वाऱ्याला जास्त अडथळा. बिजागरी कमजोर असेल तर वेगात सगळं कवचच मागे दबतं.

बाजारात मुख्यतः तीन जातीचे आरसे आहेत.

सर्वात स्वस्त ते पट्ट्याचे. रबरी किंवा नायलॉनचा पट्टा कवचाभोवती गुंडाळून ओढायचा. जुन्या, चौकोनी कवचांवर ते बरे बसायचे. आताच्या गोलसर, पुढे निमुळत्या कवचांवर पट्टा हळूहळू टोकाकडे सरकतो. पावसात तर हमखास. कवचात इंडिकेटर असेल तर पट्टा नेमका त्यावरून जातो. लहान सामानाचा ट्रेलर अधूनमधून न्यायचा असेल तर चालतील, कॅरॅव्हॅनसाठी आमची शिफारस नाही.

दुसरे स्क्रूच्या पकडीचे, आणि बहुतेकांनी हेच घ्यावेत. यात मिलेन्को कंपनीचे ऐरो मालिकेतले आरसे ब्रिटनच्या कॅरॅव्हॅन पार्कमध्ये सर्वत्र दिसतात, आणि त्याला कारण आहे. कवचाच्या कडेला रबर लावलेले जबडे बसतात आणि हाताच्या स्क्रूने आवळले जातात. काच बॉल जॉइंटवर असते. हत्यार लागत नाही, गाडी बदलली तरी आरसे तेच चालतात. पकड दोन ठिकाणी असल्यामुळे आरसा एकाच बिंदूवर झुलत नाही. याच मालिकेतला ग्रँड ऐरो म्हणजे मोठ्या काचेचा भाऊ. मोठी एसयूव्ही, भक्कम कवच आणि आठ फुटी कॅरॅव्हॅन असेल तर घ्या. मध्यम गाडीला साधा ऐरो जास्त स्थिर राहतो आणि दिसायलाही पुरेसं दिसतं.

तिसरे गाडीच्या मॉडेलनुसार बनवलेले. एमुक आणि ओप्पी या जर्मन कंपन्या यात नावाजलेल्या. कवचाच्या आकाराला जुळणारा धारक येतो, म्हणून पकड घट्ट आणि थरथर सर्वात कमी. दरवर्षी हजारो मैल ओढणाऱ्यांनी, युरोपात लांबवर जाणाऱ्यांनी पैसे मोजून हेच घ्यावेत. दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. एक, ऑर्डर करताना नुसतं मॉडेलचं नाव पुरत नाही, उत्पादनाचं वर्ष पण लागतं. फेसलिफ्टमध्ये, म्हणजे त्याच मॉडेलच्या मधल्या सुधारणेत, कवच बदललेलं असू शकतं. दुसरं, गाडी विकली की आरसेही बहुधा तिच्यासोबत निकालात निघतात. तीन वर्षांच्या लीजवर गाडी असेल तर हा हिशेब आधी करा.

काही नव्या गाड्यांना वेगळीच अडचण आहे. पोलस्टार २ सारख्या गाडीत आरशाला चौकट नसते, काच आणि कवच मिळून एकच तुकडा हलतो. जबड्याला धरायला कड सापडत नाही, आणि धरलं तरी वजनाने सगळी दिशा बदलते. अशा गाडीसाठी तिच्यापुरता बनवलेला आरसा मिळतो का ते गाडी घेण्याआधीच बघावं.

आता काच सपाट की बहिर्गोल, या वादाबद्दल. टोइंग मिरर जोडीने विकतात, दोन्ही सपाट किंवा दोन्ही बहिर्गोल, आणि लोक पटकन सपाट जोडी उचलतात, कारण सपाट काचेत अंतर खरं दिसतं. उजव्या, म्हणजे ड्रायव्हरच्या बाजूला ते बरोबरच आहे. डाव्या बाजूला नाही. हिशेब बघा. तिरकी धरल्यावर १५ सेंटीमीटर रुंद भरणारी सपाट काच घेऊ, आणि दोन डोळ्यांतल्या अंतराचे साडेसहा सेंटीमीटर फायद्याचे धरू. उजवा आरसा डोळ्यापासून साधारण १ मीटरवर असतो. २० मीटर मागे त्यात सव्वाचार ते साडेचार मीटर रस्ता मावतो. डावा आरसा डोळ्यापासून पावणेदोन मीटरवर. तीच काच तिथे जेमतेम अडीच मीटर दाखवते. डोकं पुढे-मागे केल्याशिवाय ४ मीटर दिसणार नाहीत. म्हणून उजवीकडे सपाट, डावीकडे बहिर्गोल. सुटा आरसा देणारं दुकान शोधा, थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील.

उजवीकडे सपाटच का, तेही सांगतो. कॅरॅव्हॅन ओढताना मोटरवेवर मर्यादा ६० मैल, आणि तीन किंवा जास्त लेनच्या मोटरवेवर सर्वात उजव्या लेनमध्ये जायला बंदी. ट्रकांना वेग ५६ मैलांवर रोखणारा लिमिटर असतो. ट्रकला ओलांडायचं तर वेगातला फरक फक्त ४ मैलांचा, म्हणजे सेकंदाला पावणेदोन मीटर. ट्रकची लांबी, तुमची गाडी आणि कॅरॅव्हॅन मिळून बारा मीटर, पुढे-मागे सोडायचं अंतर, हे सगळं धरलं तर ओलांडायला चाळीस सेकंदांच्या घरात लागतात. मधल्या लेनमध्ये शिरण्याआधी मागून ७० ने येणारी गाडी किती दूर आहे हे अचूक कळलं पाहिजे. बहिर्गोल काच तिला लहान करून दाखवते, ती लांब वाटते, आणि तुम्ही तिच्यापुढे शिरता.

हीच फसवणूक डावीकडे परत येतानाही होते, हे विसरू नका. बहिर्गोल काचेत ओलांडलेला ट्रक आहे त्यापेक्षा मागे दिसतो. त्याचे दोन्ही हेडलाइट आणि पुढचा रस्ता स्पष्ट दिसेपर्यंत डाव्या लेनमध्ये येऊ नये. गाडीच्या मूळ डाव्या आरशातही एकदा नजर टाका. म्हणूनच बसवताना टोइंग मिररने मूळ काच शक्य तितकी उघडी ठेवली पाहिजे.

बसवण्याची पद्धत. आधी कवच ओल्या फडक्याने पुसून पूर्ण कोरडं करा. रबराखाली वाळूचा एक कण राहिला तरी रंगावर चकती उमटते. रबराखाली कापड ठेवू नका, पकड सुटते. रंगाची काळजी असेल तर पारदर्शक संरक्षक फिल्मचे दोन तुकडे कायमचे चिकटवून ठेवा. गाडीच्या सेटिंगमध्ये जाऊन लॉक केल्यावर आरसे आपोआप दुमडणं बंद करा, रिव्हर्समध्ये डावी काच खाली झुकण्याची सोयही बंद करा. टोइंग मिरर लावलेला असताना दुमडणारी मोटर जोर लावते आणि तिचे प्लास्टिकचे दाते तुटतात. हा या सगळ्यातला सर्वात महाग बिघाड, आणि पूर्ण टाळता येण्यासारखा.

आतला जबडा काच आणि कवच यांच्यामधल्या फटीत जातो. तो काचेला अजिबात टेकता कामा नये. बसवल्यावर मूळ काच बटणाने चारही दिशांना थोडी फिरवून बघा. अडकत असेल तर जबडा सरकवा. गरम होणारी काच जबड्याच्या दाबाखाली तडकते. कवचाच्या खाली कॅमेरा असेल तर तो झाकला जात नाही ना, काचेतला ब्लाइंड स्पॉटचा (आरशात न दिसणाऱ्या गाडीचा इशारा देणारा) दिवा दिसतो ना, तेही पाहा. हा दिवा बऱ्याच गाड्यांत ट्रेलरचा प्लग जोडला की बंदच होतो, म्हणून ओढताना त्याच्या भरवशावर राहू नये.

दिशा लावायची ती कॅरॅव्हॅन जोडलेली आणि गाडीच्या सरळ रेषेत असतानाच. ड्राइव्हवेवर वाकड्या उभ्या जोडीवर लावलेले आरसे रस्त्यावर चुकीचे निघतात. ड्रायव्हरने नेहमीच्या जागी बसावं, दुसऱ्याने बाहेरून काच हलवावी. काचेच्या आतल्या कडेला कॅरॅव्हॅनची बाजू बारीक पट्टीएवढी, साधारण दहावा भाग दिसावी, बाकी रस्ता. क्षितिज मध्यावर. मग सीटपासून मागे २० मीटर टेपने मोजा, कॅरॅव्हॅनच्या बाजूच्या रेषेत एक पाण्याची बाटली ठेवा आणि तिथून बाहेर ४ मीटरवर दुसरी. दोन्ही बाटल्या दिसल्या की काम झालं. हीच चाचणी टोइंग मिरर न लावताही करून बघता येते. तुमची गाडी रुंद आणि कॅरॅव्हॅन अरुंद असेल तर टोइंग मिरर लागतात की नाही याचं उत्तर तिथेच मिळेल.

स्क्रू हाताच्या बोटांनी घट्ट, पक्कड नको. निघाल्यावर दहा-पंधरा मैलांत पहिल्या सर्व्हिसेसला, म्हणजे मोटरवेवरच्या थांब्याला, थांबून पुन्हा आवळा, कारण रबर दबतं आणि पकड थोडी सैल होते. लांबच्या प्रवासात प्रत्येक थांब्यावर हात लावून बघा. आरशाच्या दांडीला पातळ नायलॉनची दोरी बांधून तिचं दुसरं टोक मूळ आरशाच्या बुंध्याला अडकवा. पकड सुटली तरी काच मागच्या गाडीच्या काचेवर जाणार नाही.

कॉर्नवॉल, डेव्हनच्या अरुंद गल्ल्यांत दोन्ही बाजूंना झुडपांच्या भिंती असतात. तिथे डावा आरसा झुडपांत आणि उजवा समोरून येणाऱ्या गाडीच्या आरशावर आपटतो. धक्का लागला की बॉल जॉइंट फिरून दिशा बदलते, तेव्हा गल्ली संपल्यावर आरसे तपासल्याशिवाय वेग वाढवू नका. साइटवर कॅरॅव्हॅन सोडून नुसती गाडी फिरायला नेताना दोन्ही आरसे काढून ठेवा. नुसत्या गाडीला तेवढे बाहेर आलेले आरसे नियमात बसत नाहीत, आणि चालणाऱ्यांच्या खांद्याला लागतात. काढलेले आरसे एकमेकांना घासणार नाहीत अशा दोन वेगळ्या कापडी पिशव्यांत, डावा-उजवा लिहून, कॅरॅव्हॅनमध्ये न ठेवता गाडीच्या डिकीत ठेवा; पुढच्या वेळी कॅरॅव्हॅन जोडण्याआधीच ते हाताशी असतील.