यूएसबी कॅसेट प्लेयर: आठ महिने वापरून झाल्यावर (घेतला तर स्पीडचा स्क्रू कुठे आहे ते आधी बघा)

जानेवारीत घेतला. वॉकमनच्या आकाराचा तो काळा डबा, सगळीकडे एकच मिळतो, नाव फक्त वेगवेगळं छापलेलं असतं, त्यामुळे कंपनी विचारू नका. साडेबावीसशे पडले. कॅसेट घालायची, वायर लॅपटॉपला जोडायची, कॅसेट वाजत राहते आणि फाइल बनत राहते, एवढंच काम. सोबत छोटी सीडी येते सॉफ्टवेअरची, आता ती सीडी घालायची कशात हे बनवणाऱ्यालाच माहीत. आम्ही ती चहाच्या कपाखाली वापरतोय, त्या कामाला चांगली आहे. रेकॉर्डिंगला ऑडॅसिटी हे फुकटचं सॉफ्टवेअर पुरतं.

घ्यायचं कारण म्हणजे सदाशिव पेठेतला वाडा पाडला तेव्हा कोथरूडला आणलेल्या दोन खोक्यांत ५८ कॅसेटी होत्या. थोड्या अलूरकर म्युझिक हाऊसमधून घेतलेल्या, त्या सोडून दिल्या तरी चालेल. पण बाकीच्या बाबांनी घरच्या टू-इन-वनवर (रेडिओ आणि टेपरेकॉर्डर एकत्र) भरलेल्या, भजनी मंडळ, माझा चौथीतला पोवाडा, आणि १९८९ सालची एक टीडीके कंपनीची कॅसेट ज्यात आजी आहे. आजी ओव्या म्हणतीये, मधेच थांबून कुणाला तरी दूध उतू जातंय म्हणून ओरडतीये. आजीचा आवाज असलेली जगात ही एकच वस्तू आहे. बाहेर करून देणाऱ्याने कॅसेटमागे २५० सांगितले. ५८ गुणिले २५० मी रिक्षातच करून बघितलं आणि घरी येऊन हा डबा ऑर्डर केला.

पहिले दोन महिने मी खूश होते, खरंच. मैत्रिणींना पण सांगितलं घ्या म्हणून (दोघींनी घेतला, त्यांची आधीच माफी मागते). बारीकसारीक कटकटी होत्या. लॅपटॉपचा चार्जर लावला की मागे किणकिण असा बारीक आवाज येतो, चार्जर काढून बॅटरीवर चालवा, जातो. बोलण्याच्या कॅसेटी मोनोत घ्या, नाहीतर स्टीरिओ डब्ल्यूएव्ही फाइल मिनिटाला १० एमबी खाते आणि एका सी-६० चे (म्हणजे साठ मिनिटांच्या कॅसेटचे) ६०० एमबी होतात, मग नवरा लॅपटॉप भरला म्हणून बोंब मारतो. टेप जिथे घासते ते हेड कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा, दर चार-पाच कॅसेटींनंतर, काडी तपकिरी होते ती आपल्याच टेपची धूळ असते. टेप सैल असेल तर नटराजची पेन्सिल. हे सगळं ज्यांच्याकडे कॅसेट होती त्यांना येतंच.

मार्चमध्ये बाबांना भजनी मंडळाची फाइल लावून दिली. बाबा ८१ वर्षांचे आहेत, पेटी अजून वाजवतात. त्यांनी फाइलबरोबर वाजवायला पेटी काढली आणि दहा मिनिटं नुसते पट्ट्या दाबत बसले. म्हणे, "आमचं मंडळ काळी एकमध्ये गायचं. हे काळी एक पण नाही आणि पांढरी दोन पण नाही. मधेच लटकलंय." मी म्हटलं बाबा, पेटी उतरली असेल. हे मी म्हणायला नको होतं. बाबा दोन दिवस बोलले नाहीत.

मग आत्या आली. तिला आजीची फाइल लावली, मला वाटलं रडेल. तर ती म्हणाली, "हा माझा आवाज आहे का गं? मी कधी म्हटल्या ओव्या?" तेव्हा माझं डोकं सणकलं. म्हणजे आजीचा आवाज इतका पातळ झालेला की आजीच्या मुलीला तो स्वतःचा वाटला.

आता ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी. कॅसेट कुठल्याही मशीनमध्ये सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर याच वेगाने पळायला हवी, १९६३ मध्ये फिलिप्सने कॅसेट आणली तेव्हापासून हा आकडा बदललेला नाही. वेग वाढला की गाणं नुसतं लवकर संपत नाही, सूर पण चढतो. साधारण ६ टक्के वेग वाढला तर सूर पेटीवर अख्खी एक पट्टी पुढे सरकतो. पण त्याच्या निम्माच वाढला तर तो कुठल्याच पट्टीवर बसत नाही, आणि बाबा नेमकं तेच म्हणत होते. डब्याच्या खोक्यावर सगळं लिहिलंय, ऑटो रिव्हर्स काय, प्लग अँड प्ले काय, वायरची लांबी पण लिहिलीये, वेग किती अचूक आहे ते कुठेच नाही. जे एक काम करायला मशीन घेतो त्याचाच आकडा नाही. म्हणजे दुधाच्या पिशवीवर गाईचा फोटो, फॅट किती ते गायब.

कस्टमर केअरशी झालेलं भांडण सविस्तर लिहीत नाही, बीपी वाढतं. थोडक्यात, व्हिडिओ पाठवा, पाठवला. बिल पाठवा, पाठवलं. मग फोनवरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, कॅसेट जुनी आहे, नवीन कॅसेट लावून चेक करा." अरे बाबा, नवीन कॅसेट मिळत असती तर हे मशीन कशाला घेतलं असतं? मी म्हटलं अर्ध्या तासाची बाजू ५० सेकंद आधी संपतीये. तो म्हणाला कॅसेटमधली टेप कमी-जास्त असते. (हे खरं आहे, नंतर कळलं. तेव्हा मी त्याला खूप बोलले.) शेवटी स्वतःच्या खर्चाने कुरियर करा, तपासून सांगतो म्हणाले. २०० रुपये कुरियरचे घालवून तीन आठवड्यांनी डबा परत आला, "नो फॉल्ट फाउंड" अशी चिठ्ठी लावून. चिठ्ठी मी जपून ठेवलीये.

इथपर्यंतचं मी मे महिन्यात लिहून ठेवलं होतं, शेवटी एकच स्टार आणि घेऊ नका असं. बरं झालं टाकलं नाही. कारण नंतर जे झालं त्यात माझी पण थोडी जिरली.

भाचा सीओईपीला आहे. तो म्हणाला मावशी सोपंय, जुन्या रेकॉर्डिंगमध्ये मागे विजेची घरघर असते, ती ५० हर्ट्झ असणार, ऑडॅसिटीत आलेख काढू, ५० च्या जागी जे दिसेल त्यावरून वेग कळेल. आलेख काढला, घरघर सापडली पण. मी लगेच आकडा लिहून घ्यायला लागले तर बाबा पलंगावरून म्हणाले, "१९८९ ला ५० कुठून धरताय? संध्याकाळी लोड आला की ४८ च्या घरात यायची फ्रिक्वेन्सी." बाबा एमएसईबीतून रिटायर झालेत, त्यांच्याशी या विषयावर वाद घालायचा नसतो. भाचा गप्प.

तोडगा काढला आईने. ती मेथी निवडत होती. म्हणाली, "आजीच्या मागे टिकटिक येतीये ते आपलंच घड्याळ ना?" आमच्या हॉलमध्ये लंबकाचं घड्याळ आहे, वाड्यातलं. बाबा दर रविवारी चावी देतात आणि तेव्हाही द्यायचे, आकाशवाणीच्या वेळेशी लावून. आता असं बघा, लंबकाचं घड्याळ वेळ बरोबर दाखवत असेल तर मिनिटाला किती टिक पडणार हे आतल्या चाकांच्या दात्यांनी ठरवलेलं असतं, त्यात १९८९ आणि आज असा फरक होऊच शकत नाही. हॉलमध्ये उभं राहून पाच मिनिटं मोजले, मिनिटाला १३२. मग फाइलमध्ये, तिथे तर प्रत्येक टिकची बारीक सुई दिसते स्क्रीनवर, मोजले, १३८. म्हणजे साडेचार टक्के फास्ट. आजी जवळजवळ पाऊण पट्टी चढली होती. त्या दिवशी रात्री मला झोप लागली नाही, आनंदाने.

हा पुरावा घेऊन मी कस्टमर केअरला परत भिडणार होते, पण वॉरंटी सहा महिन्यांची आणि त्यांचा कुरियर-खेळ परत खेळायचा नव्हता. म्हणून जूनमध्ये वनाजहून मेट्रो धरली, सिव्हिल कोर्टला बदलून मंडईला उतरले आणि चालत तापकीर गल्ली. (गाडी नेऊ नका. कधीच.) तिथे एका बोळात एक काका अजून टेपरेकॉर्डर उघडतात. त्यांनी डबा हातात घेऊन वजन केल्यासारखा हलवला आणि म्हणाले, "खेळणं आहे हो ताई हे." मग ड्रॉवरमधून एक कॅसेट काढली, तिच्यावर फक्त ३००० हर्ट्झचा एकसारखा सूर भरलेला, त्याला ते टेस्ट टेप म्हणतात. मोबाइलवर ॲप लावलं. ३०९० आला. तीन टक्के फास्ट. आतल्या सर्किटवर एक तांदळाच्या दाण्याएवढा स्क्रू असतो, तो फिरवला, केसभर, आणि आकडा उतरत उतरत ३००५ वर आला. शंभर रुपये. पाच मिनिटं पण नाही. तीन आठवडे डबा ठेवून घेतलेल्या लोकांना हा स्क्रू दिसला नाही.

मी म्हटलं, पण माझ्या हिशोबाने साडेचार टक्के होते, तुम्ही तीनच काढले. काका माझ्याकडे बघून हसले. "उरलेला दीड तुमच्या घरचा." म्हणजे काय तर ज्या टू-इन-वनवर बाबांनी भरलं तोच तेव्हा दीड टक्का हळू चालत असणार. हळू भरलेलं बरोबर वेगाने वाजवलं की फास्टच ऐकू येणार. घरी येऊन परत घड्याळ मोजलं, १३४. अगदी तेवढंच. म्हणजे तो फोनवरचा मुलगा कॅसेटमध्येच प्रॉब्लेम आहे म्हणत होता ते एक-तृतीयांश बरोबर होतं. चुकून बरोबर, पण होतं. बाबांना हे सांगितल्यावर ते म्हणाले त्या टू-इन-वनला काही बोलायचं नाही, तो आम्ही पहिल्या बोनसचा घेतलेला.

आता यातला सगळ्यात चिडचिड करणारा भाग. भाच्याने सांगितलं की वेग सगळीकडे सारखाच चुकलेला असेल तर स्क्रू-बिक्रू काही लागतच नाही, ऑडॅसिटीत फाइल निवडून चेंज स्पीड करायचं, दीड काय आणि साडेचार काय, एका मिनिटात सरळ. म्हणजे आधी केलेल्या ४१ कॅसेटी मला परत कराव्या लागल्या नाहीत, हे चांगलं. आणि शंभर रुपये, मेट्रोचं तिकीट, २०० चं कुरियर हे सगळं टाळता आलं असतं, हे वाईट. काकांना फोन करून विचारलं तर म्हणाले, सरळ चूक कॉम्प्युटर काढेल, पण बेल्ट सैल होऊन वेग वर-खाली व्हायला लागला, सूर लाटेसारखा हलायला लागला, की तो कॉम्प्युटरने नीट निघत नाही, तेव्हा याच माझ्याकडे. माझ्या डब्यात ते सुरू झालंय थोडं, आठव्या महिन्यात. तंबोऱ्यावर लगेच कळतं, बोलण्यात कळत नाही. म्हणून आधी गाण्याच्या कॅसेटी उरकून घ्या, भाषणं नंतर. मी उलट केलं.

सी-९० ला हा डबा ठीक आहे, सी-१२० चुकूनही घालू नका, ती टेप फार पातळ असते, सी-६० च्या निम्मीच, माझ्या मामाच्या लग्नाची गुंडाळून खाल्ली यानं. चिमट्याने काढली, पंधरा सेकंद गेले, नशीब मंगलाष्टकं वाचली. टेपमागचा फेल्टचा छोटा तुकडा पडला असेल तर आवाज एकदम खोल जातो, तो डब्याचा दोष नाही. बुरशीचे पांढरे ठिपके असलेल्या दोन कॅसेटी मी घातल्याच नाहीत, पावसाळ्यात तर नकोच.

तर स्टार किती. एकावरून तीन केलेत, त्यातला एक स्क्रूचा आहे. चांगला जुना डेक जुन्या बाजारात मिळेल असं काका म्हणतात, बुधवार-रविवार, पण तो घेऊन परत त्यांच्याकडेच न्यायचा, मग त्यांचं बिल, शिवाय ठेवणार कुठे. ज्यांच्याकडे दहा-बाराच कॅसेटी आहेत त्यांनी बाहेर करून घ्या, पण देताना विचारा, तुमच्या मशीनचा वेग शेवटचा कधी तपासलात. उत्तर द्यायला वेळ लागला तर पुढच्या दुकानात जा.

आजीची फाइल दुरुस्त करून १३२ वर आणली. गणपतीत आत्या आली तेव्हा परत लावली. तिने डोळे मिटून पूर्ण ऐकली, दूध उतू जातंय ते आलं तेव्हा हसली. मग म्हणाली, "आता आईच आहे. पण ओरडताना ती आधीच्यासारखीच फास्ट ओरडायची हो."