स्क्रॅच की पी-फाइव्ह?

दहा वर्षांच्या पोराला प्रोग्रॅमिंग शिकवायचं तर मी डोळे मिटून स्क्रॅच उघडते. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात बनलेलं, २००७ पासूनचं, फुकट. सूचनांचे रंगीत ठोकळे एकमेकांत बसवायचे. कंस राहिला म्हणून रडारड नाही. मांजर चेंडूला शिवलं की गुण वाढतो, झाला खेळ. मंचाच्या, म्हणजे पडद्यावर खेळ दिसतो त्या चौकटीच्या, मधोमध शून्य, वर गेलं की वाय वाढतो, अगदी शाळेतल्या आलेखासारखा.

पी-फाइव्ह म्हणजे जावास्क्रिप्ट या वेबपानांच्या भाषेत चित्रं आणि खेळ करायचं साधन. त्यात सगळं टाइप करायचं. शून्य डावीकडे वरच्या कोपऱ्यात आणि वाय खाली वाढतो. इथे पोरं हमखास गडबडतात. ‘ड्रॉ’ म्हणजे चित्र काढणाऱ्या सूचनांचा गट, तो सेकंदाला साधारण ६० वेळा चालतो. त्यात आधीचं चित्र पुसणारं ‘बॅकग्राउंड’ लिहायचं राहिलं की चेंडूमागे लांबलचक शेपूट उमटते. (हीच चूक मुलांना सगळ्यात आवडते!) आठवीपुढे मात्र मी हेच घेते, ही खरीखुरी जावास्क्रिप्ट आहे.